अरुंधतीने धरलेला डूख

अरुंधती माझी भावजय. सलिलची, म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. नणंद-भावजयींचं जसं असतं तसं आमचं कधी झालंच नाही, कारण आमचा दोघींचा छंद एकच आहे. कुठल्या लग्नात कोणी आपल्याला बघून तोंड फिरवलं, कुणाच्या बारशाला आपल्याला निमंत्रण आलं नव्हतं, हे आम्हाला तोंडपाठ असतं. फरक एवढाच, की मी पिंपरीत माझ्या घरी बसून चरफडते आणि ती सांगवीत बसून काहीतरी करते.

एक नमुना सांगते. ही मंडळी सांगवीच्या सोसायटीत नवी राहायला गेली, तेव्हा पहिल्याच मीटिंगमध्ये तिथले चेअरमन हिला म्हणाले, "तुम्हा नोकरीवाल्या बायकांना सोसायटीतलं काय कळणार?" ही गप्प बसली. नुसती हसली. मी असते तर तिथल्या तिथे चार शब्द सुनावले असते. वर्षभराने वार्षिक सभेत चेअरमनसाहेब नव्या लिफ्टचं कौतुक स्वतःच्या नावावर घेत होते, तेव्हा बाईसाहेब उभ्या राहिल्या आणि साखर पेरल्यासारख्या आवाजात म्हणाल्या, "काम छानच झालंय. ठेकेदार तुमचे साडू ना?" पुढच्या महिन्यात चेअरमन बदलले. मला तिने हे फोनवर सांगितलं तेव्हा मी घरात एकटी होते, तरी टाळ्या वाजवल्या.

चाकणला गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात ती एचआर मॅनेजर आहे. कुणी सुपरवायझरची कॉलर धरली, कुणी शिफ्टमध्ये दारू पिऊन आला, की चौकशी हिच्यापुढे चालते. तिची पद्धत सोपी आहे. समोरच्याला बोलू द्यायचं, अगदी पोटभर. मध्ये एक शब्द टाकायचा नाही. माणूस आपल्याच तोंडाने अडकतो. आवाज चढवलेला तिला तिथे कुणी ऐकलेलं नाही, आणि तरी तिच्या केबिनबाहेर उभं राहायला भलेभले टरकतात.

अशा बाईच्या वाटेला जाऊ नये. मुकुंदराव गेले.

मुकुंदराव त्याच सोसायटीत तळमजल्यावर राहतात. निवृत्त इंजिनिअर. मुलगी इरा टेक्सासात शिकली आणि तिथेच राहिली. एवढ्या भांडवलावर या गृहस्थांनी अमेरिकेला मुलं पाठवणाऱ्या पालकांचा एक मंच काढला. व्हॉट्सअॅप ग्रुप आला, ग्रुपचे अॅडमिन अर्थात तेच. दर वर्षी जुलैअखेर चिंचवडला हॉल घेऊन जाणाऱ्या मुलांचा निरोप समारंभ करायचे. प्रत्येकाला शाल, नारळ आणि तीन लिटरचा कुकर. शाल आणि नारळ आईबाप घरी नेत, कुकर अमेरिकेला जाई. मग मुकुंदराव माईक हातात घेत आणि तो सुटता सुटत नसे. दर तिसरं वाक्य "आमच्या इराने" असं सुरू व्हायचं. सलिल म्हणतो, माणूस वाईट नाही. पण सलिलला आजवर कुणीच वाईट वाटलेलं नाही, त्यामुळे त्याचं मत मी धरत नाही. मला तो माणूस पहिल्यापासून डोक्यात जायचा.

त्यांच्या भाषणात एक भाग ठरलेला असे. "तिकडच्या कॉलेजात काउन्सेलर नावाचा प्रकार असतो. गोड बोलून तुमच्या पोटातलं काढून घेतात. सगळं रेकॉर्डवर जातं. उद्या व्हिसाला नडतं, नोकरीला नडतं. तिथे पाऊल टाकायचं नाही. मन जड झालं तर जोर-बैठका काढा, नाहीतर घरी फोन करा." हॉल हसायचा, टाळ्या पडायच्या. माझा भाचा, अरुंधतीचा क्षितिज, तो जाणार होता त्या वर्षी पहिल्या रांगेत मांडीवर कुकर घेऊन बसला होता.

क्षितिज ओहायोतल्या एका लहान गावातल्या कॉलेजात गेला. सुरुवातीचे त्याचे फोन ऐकायला मजा यायची. विमानतळावर कॉलेजची गाडी न्यायला आली होती. परदेशी विद्यार्थ्यांसाठी एक वेगळं ऑफिसच आहे, तिथे एका खोलीत गरम कोट टांगलेले असतात, ज्याला जो बसेल तो त्याने घेऊन जायचा. शुक्रवारी तिथे कॉफी असते, कुणीही जाऊन बसावं, जपानची मुलं, नायजेरियाची मुलं, सगळी गप्पा मारतात. लिहिण्यात मदत पाहिजे तर वेगळी बाई, गणितात अडलं तर वेगळा मुलगा. "आत्या, इथे मागितलं की मिळतं गं," तो मला म्हणाला होता. मुकुंदरावांना हे कळल्यावर त्यांनी ग्रुपवर लिहिलं, की फुकटचे कोट घेऊ नयेत, आपल्या मुलांची किंमत कमी होते.

मग फोन कमी झाले. बर्फ पडायला लागलं, दिवस लहान झाले आणि पोराला झोप येईना. आधी सकाळच्या तासांना जाणं सुटलं, मग सगळ्याच. चौघं मुलं एका फ्लॅटमध्ये राहत होती, पण दार लावून बसलेल्या मुलाला कोण किती विचारणार? त्याच्या एका प्रोफेसरांच्या मात्र लक्षात आलं. त्यांनी ऑफिसला कळवलं, ऑफिसातल्या बाईंनी त्याला बोलावून घेतलं, चहा दिला आणि कॉलेजच्याच काउन्सेलिंग सेंटरमध्ये वेळ ठरवून दिली. फीमध्येच सगळं आलेलं असतं, वेगळं काही द्यायचं नसतं. पण क्षितिज त्या दिवशी तिथे गेला नाही. कारण मुकुंदरावांनी नको म्हणून सांगितलं होतं. आम्हाला घरात एवढंच माहीत होतं.

पुढे त्याने घाबरून आपल्या मनाने दोन विषय सोडून दिले. परदेशी मुलाला आधी परवानगी घेतल्याशिवाय असे विषय सोडता येत नाहीत. घेतलेले विषय ठरावीक संख्येच्या खाली गेले की त्याचा तिथला विद्यार्थी म्हणून राहण्याचा हक्क जातो. तो गेला. मार्चमध्ये आम्ही त्याला मुंबईच्या विमानतळावरून घेऊन आलो. गाल आत गेलेले, अंगात तोच गरम कोट, आणि बाहेर घामाच्या धारा लागलेल्या.

तो तिथून निघायच्या आधी त्या ऑफिसातल्या बाईंनी आईवडिलांशी व्हिडिओवर बोलायचं ठरवलं होतं. मी तेव्हा सांगवीलाच होते. पडद्यावर त्या बाई दिसत होत्या, पांढरे केस, चष्मा कपाळावर चढवलेला. बाई अगदी मायेने बोलत होत्या. त्या म्हणाल्या, तो सेंटरमध्ये आला असता तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आम्ही त्याला आजारपणासाठी कमी विषय घ्यायची परवानगी देऊ शकलो असतो. दर वर्षी काही मुलांना देतो. अरुंधतीने विचारलं, "आणि काउन्सेलिंगचं रेकॉर्ड व्हिसावाल्यांकडे जातं ना?" त्या बाईंना प्रश्नच आधी कळेना. मग म्हणाल्या, "नाही. ते गुप्त असतं. हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

अरुंधतीने फोन ठेवला. स्वयंपाकघरात गेली, ओटा पुसला, परत पुसला. मी मागे जाऊन उभी राहिले. "ताई," ती म्हणाली, "या माणसाला मी सोडणार नाही." आवाज नेहमीचाच होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेलेली होती, मी म्हटलं आत्ता चल, खाली जाऊन दारात उभं करते त्याला. ती म्हणाली, "दारात नको."

आणि मग ती वर्षभर थांबली. या काळात मुकुंदरावांनी आपल्या कर्माने आणखी भर घातली. जिन्यात भेटले की सलिलला म्हणायचे, "थंडी झेपत नाही काहींना." ग्रुपवर नाव न घेता लिहिलं, की काही मुलं अर्ध्यातून परत येतात, तेव्हा घरच्यांनी आधीच मुलाची कुवत ओळखावी. सोसायटीत कोण परत आलंय हे लहान पोरांनाही ठाऊक होतं. अरुंधतीने त्या मेसेजखाली हात जोडल्याची खूण टाकली. मी फोन करून तिला शिव्या घातल्या. ती म्हणाली, "बोलू द्या हो."

क्षितिज हळूहळू सावरत होता. औंधच्या डॉक्टरांचं औषध चालू होतं. चाकणजवळ निघोज्यात ज्योतीराम म्हणून एक जण लहानशी टूलरूम, म्हणजे कारखान्यांना लागणारे साचे बनवायचं वर्कशॉप, चालवतात, त्यांच्याकडे ड्रॉइंगचं काम करायला जाऊ लागला. माझ्याशी बोलायचा, बापाशी क्रिकेटवर बोलायचा. आईशी मात्र हो आणि नाही. ताटात काय वाढलंय हेही तो सलिलला विचारायचा. औषधांनी होत असेल, असं आम्ही म्हणायचो.

इकडे अरुंधती मुकुंदरावांच्या मंचावर राबायला लागली होती. हॉल मी बघते, माईकवाला मी सांगते, चहा-बटाटेवड्याचं मी बघते. मुकुंदराव खूश. बाईने मनाला लावून घेतलं नाही, मोठ्या मनाची आहे, असं चारचौघांत सांगू लागले. आणि या वर्षीच्या समारंभाला प्रमुख पाहुण्या म्हणून त्यांनी हिचंच नाव जाहीर केलं. मी फोनवर एवढी हसले की ठसका लागला. तिचा बेत अगदी तिच्या केबिनमधल्यासारखा होता. आधी त्यांना नेहमीचं भाषण पूर्ण करू द्यायचं. काउन्सेलरचा भाग त्यांच्या तोंडून सगळ्या हॉलसमोर आला की मग आपण उठायचं. नंतर 'मी असं म्हणालोच नव्हतो' म्हणायची सोय उरायला नको.

समारंभाच्या आदल्या दुपारी मी सांगवीला गेले. पिंपरी कॅम्पातून तिच्यासाठी मोतिया रंगाची साडी नेली होती, असल्या कामाला चांगलं नेसून जावं म्हणून. जेवणं झाली होती. क्षितिज रविवार म्हणून घरी होता. अरुंधती त्याच्यासमोर बसली आणि म्हणाली, "उद्या मी मुकुंदकाकांना सगळ्यांसमोर विचारणार आहे. त्यासाठी तुझं सांगावं लागेल. तू नको म्हणालास तर नाही सांगणार."

त्याने समोरचा पेला बाजूला सरकवला. मग म्हणाला, "सांग. पण काकांचं नाव घेणार असशील, तर तुझंही घे."

"माझं?"

"त्या दिवशी मी सेंटरच्या दारात उभा होतो. तिथून मी काकांना फोन नव्हता केला, आई. तुला केला होता."

सलिल उठून गॅलरीत गेला. मी म्हटलं, "अरे, तिने तुझ्या काळजीपोटीच..."

"आत्या, तू थांब." असं तो माझ्याशी कधीच बोलला नव्हता. "हीच सांगायची ना, चौकशीत जो साक्षीदार स्वतःचा भाग गाळतो त्याचं काहीच धरायचं नसतं म्हणून?" तो आईकडे वळला. "मग पूर्ण सांगायचं. मला काय म्हणालीस, तेसुद्धा. नाहीतर माझं नाव घ्यायचं नाही."

तो खोलीत गेला. दार आपटलं नाही, नीट लावून घेतलं. अरुंधती तशीच बसून राहिली. तिचा चेहरा मी इतक्या वर्षांत असा पाहिला नव्हता. मी तिच्या बाजूची, हे उघड आहे, त्यामुळे मला पोराचा राग आला. म्हटलं, काही नाव घेऊ नकोस, नुसतं एका मुलाची गोष्ट म्हणून सांग, मुकुंदला कळायचं ते कळेल. ती म्हणाली, "त्याला कळून काय करायचंय? लोकांना कळायला पाहिजे." रात्री ती जेवली नाही. साडी तिने उलगडूनही पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉल गच्च भरला होता. स्टेजवर कुकरांची रास. मुलं पहिल्या दोन रांगांत, मागे आईबाप. अरुंधती ऑफिसच्याच सुती साडीत आली होती. क्षितिज आमच्याबरोबर गाडीतून आला, पण आत बसला नाही, मागच्या दाराशी चहाच्या टेबलाजवळ उभा राहिला.

मुकुंदराव बोलले. पोटभर बोलले. इरा झाली, टेक्सास झालं, आणि मग ते आलंच. "काउन्सेलर. रेकॉर्ड. पाऊल टाकायचं नाही." टाळ्या पडल्या. मग त्यांनी "आमच्या अरुंधतीवहिनी" म्हणून माईक तिच्या हातात दिला.

"मुकुंदराव, बसू नका," ती म्हणाली. "एक शंका आहे. काउन्सेलरकडे गेल्यामुळे इराला काही त्रास झाला होता?"

"छे हो. इराला कधी गरजच पडली नाही."

"मग कुणाचा व्हिसा गेला?"

ते हसले. "असं नाव कसं सांगणार? ऐकण्यात आहे."

"तुमच्या ऐकण्यात एकही नाव नाही. मी एक सांगते. क्षितिज. माझा मुलगा. तो काउन्सेलरकडे गेला म्हणून नाही, न गेल्यामुळे परत आला."

तिने सगळं सांगितलं. झोप कशी गेली, ऑफिसातल्या बाईंनी वेळ कशी ठरवून दिली, गेला असता तर काय काय होऊ शकलं असतं. साध्या आवाजात, एखाद्या कामगाराला नियम समजावून सांगावा तशी. मुकुंदरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी तिसऱ्या रांगेतून त्यांच्याकडे बघत होते आणि मला किती बरं वाटत होतं ते सांगता येणार नाही. जिन्यातला एकेक टोमणा त्यांच्या तोंडावर परत जाऊन बसत होता.

शेवटी ते उसळले. "वहिनी, मी फक्त सल्ला दिला. मी काही तुमच्या मुलाचा हात धरून ठेवला नव्हता!"

"बरोबर आहे," अरुंधती म्हणाली. "हात मी धरला."

तिथे ती थांबली. मला वाटलं संपलं. तिने माईक दुसऱ्या हातात घेतला.

"तो दारात उभा राहून मला फोन करत होता. म्हणाला, आई, आत जाऊ का? त्याला काय होतंय ते मी विचारलं नाही. मी फोन धरून ठेवायला सांगितला आणि मुकुंदरावांना विचारलं. यांनी सांगितलं ते त्याला ऐकवलं. तो म्हणाला, तरी मी जातो, मला सहन होत नाहीये. तेव्हा मी म्हणाले, गेलास तर मला तोंड दाखवू नकोस." तिने मुकुंदरावांकडे बघितलं. "हे वाक्य तुमचं नाही. माझं आहे. तुम्ही न कळता बोललात, तुमच्यावर विश्वास ठेवून मी माझ्या मुलाला दारातून परत पाठवलं. आता तुमचं काय ते तुम्ही सांगा."

मला हे वाक्य माहीत नव्हतं. सलिललाही नव्हतं. त्याने डोळ्यांवर हात धरला.

मुकुंदरावांना सांगायला काहीच उरलं नव्हतं. नुसता त्यांचाच दोष काढला असता, तर त्यांनी बाईला आकस आहे म्हणून हात झटकले असते, चार माणसं त्यांच्या बाजूने उठली असती. आता कोण उठणार? ते "मी... त्या वेळी..." असं काहीतरी म्हणाले आणि खुर्चीत बसले. मधल्या रांगेतून एक बाई उभ्या राहिल्या, त्यांची मुलगी पूर्वी त्या वर्षी जाणार होती. मुकुंदरावांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. "मॅडम, म्हणजे आमच्या पूर्वीने जायचं ना तिथे? जरूर पडली तर?" अरुंधती म्हणाली, "घरच्यांना फोन करून विचारत न बसता जायचं." मग एकामागून एक लोक तिलाच विचारायला लागले. कुकर त्या दिवशी अरुंधतीच्या हातून वाटले गेले. मुकुंदराव मागच्या दाराने केव्हा गेले कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं, मी मुद्दाम बघत होते.

पार्किंगमध्ये क्षितिज गाडीला टेकून उभा होता. अरुंधती त्याच्यासमोर जाऊन थांबली.

"काकांचं तोंड पाहिलंस?" तिने विचारलं.

"नाही. मी तुझं बघत होतो." मग म्हणाला, "मला वाटलं होतं तू ते वाक्य गाळशील. गाळलं असतंस तर मी उद्यापासून ज्योतीरामांकडे वरच्या खोलीत राहायला जाणार होतो. त्यांना विचारून ठेवलंय."

सलिलने गाडीचं दार उघडलं आणि तसंच धरून उभा राहिला.

"आता नाही जात," क्षितिज म्हणाला. "पण आई, मी तुला माफ केलेलं नाही."

"नको करूस," अरुंधती म्हणाली. "मी तरी कुणाला केलंय?"